कॅनडाची फुटबॉलपटू क्रिस्टीन सिंक्लेअर हिच्या १९० आंतरराष्ट्रीय गोलांचं एवढं कौतुक का? बरेचसे दुबळ्या संघांवरच मारलेले असणार ना?

तुमची शंका निम्मी खरी आहे, ती आधीच मान्य करून टाकतो. २९ जानेवारी २०२० ला सिंक्लेअरने अमेरिकेच्या ॲबी वॉमबॅकचा १८४ आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा समोर सेंट किट्स अँड नेव्हिस हा चिमुकल्या बेटांचा संघ होता. टेक्सासमध्ये ऑलिंपिक पात्रता फेरीचा सामना होता आणि कॅनडाने तो ११-० असा जिंकला. विक्रमाची बरोबरी आणि विक्रम, दोन्ही पहिल्या २५ मिनिटांत उरकलं. त्या दिवशी कॅनडाला जिंकायला सिंक्लेअरच हवी होती असं काही नाही. सरासरी काढलीत तरी वॉमबॅकच पुढे आहे. तिने १८४ गोल सुमारे २५५ सामन्यांत केले, सिंक्लेअरला १९० गोलांसाठी ३३१ सामने लागले.

पण वॉमबॅक अमेरिकेकडून खेळायची. डाव्या-उजव्या बाजूने चेंडू पुरवणाऱ्या एकाहून एक सरस खेळाडू तिच्या दिमतीला होत्या. सिंक्लेअरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतला कॅनडाचा खेळ पाहिलात तर बहुतेक वेळा एकच बेत दिसतो: चेंडू पुढे धाडा, बाराव्या नंबरची बघून घेईल. त्या काळात कॅनडात बायकांची व्यावसायिक लीगच नव्हती. ती सुरू झाली २०२५ मध्ये, म्हणजे सिंक्लेअर निवृत्त झाल्यावर. ती व्यावसायिक क्लब फुटबॉल खेळली ते अमेरिकेत, त्यातही बरीचशी वर्षं पोर्टलंडमध्ये.

राष्ट्रीय संघात ती आली तेव्हा १६ वर्षांची होती. ब्रिटिश कोलंबियातल्या बर्नबी शहरातली ही मुलगी मार्च २००० मध्ये पोर्तुगालच्या अल्गार्व्ह कपमध्ये पहिल्यांदा उतरली. २००३ च्या विश्वचषकात पहिलाच सामना जर्मनीशी होता आणि चौथ्या मिनिटाला तिने गोल मारला. कॅनडा तो सामना ४-१ असा हरला, जर्मनी पुढे विश्वविजेता झाला. आठ वर्षांनी २०११ मध्ये बर्लिनला पुन्हा सलामीला जर्मनीच. या वेळी कोपर लागून तिचं नाक मोडलं. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तरी ती मैदानात परतली आणि फ्री किकवर असा गोल केला की गोलरक्षक जागच्या जागी बघत राहिली. २००७ ची अख्खी स्पर्धा जर्मनीने एकही गोल न खाता जिंकली होती, त्या जर्मनीवर हा गोल झाला. कॅनडा मात्र २-१ असा हरला, पुढचे दोन्ही सामनेही हरला आणि स्पर्धेत शेवटच्या क्रमांकावर राहिला. तिच्या कारकिर्दीत हे वारंवार झालंय. गोल तिचा, हार संघाची.

याचं टोक म्हणजे ६ ऑगस्ट २०१२. लंडन ऑलिंपिकची उपांत्य फेरी, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर अमेरिका. मी तो सामना मध्यरात्रीनंतर जागून पाहिला आणि नंतर झोप लागली नाही. सिंक्लेअरने २२ व्या, ६७ व्या आणि ७३ व्या मिनिटाला गोल केले, शेवटचे दोन डोक्याने. कॅनडा तीनदा पुढे गेला. मग कॅनडाच्या गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात ठेवल्याबद्दल पंचांनी अमेरिकेला फ्री किक दिली. हा नियम पुस्तकात होता, पण तो कुणी लावलेला क्वचितच दिसायचा. त्या किकवर चेंडू कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली, वॉमबॅकने बरोबरी साधली आणि जादा वेळेच्याही जादा वेळेत, १२३ व्या मिनिटाला ॲलेक्स मॉर्गनने सामना नेला. ४-३. पंचांबद्दल सिंक्लेअर जे बोलली त्यापायी फिफाने पुढे तिच्यावर चार सामन्यांची बंदी घातली. तीन दिवसांनी कॅनडाने फ्रान्सला हरवून कांस्यपदक घेतलं. स्पर्धेत सर्वाधिक ६ गोल तिचेच होते.

आता गोलांच्या यादीत न दिसणारी गोष्ट सांगतो, मला स्वतःला ती जास्त आवडते. २०१९ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध १-० असं मागे असताना कॅनडाला पेनल्टी मिळाली. मारायची ती सिंक्लेअरने, पण तिने ती जनीन बेकीला दिली. गोलरक्षकाने अडवली, कॅनडा बाहेर. याबद्दल तिला बरंच ऐकावं लागलं. दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकची उपांत्य फेरी, समोर पुन्हा अमेरिका, जिला कॅनडाने २००१ नंतर हरवलंच नव्हतं. पेनल्टी मिळाल्यावर सिंक्लेअरने चेंडू उचलला आणि जेसी फ्लेमिंगच्या हातात दिला. फ्लेमिंगने गोल केला, कॅनडा १-० असा जिंकला. अंतिम सामन्यात स्वीडनच्या बचावपटूची लाथ बसली ती सिंक्लेअरला. त्यावर मिळालेली पेनल्टीही फ्लेमिंगनेच मारली. बरोबरीमुळे सामना पेनल्टी शूटआउटवर गेला, तेव्हा सिंक्लेअर मैदानाबाहेर होती. सुवर्णपदक मिळालं तेव्हा ती ३८ वर्षांची होती.

२०२३ च्या विश्वचषकात मात्र नायजेरियाविरुद्धची पेनल्टी तिने स्वतः मारली. तिच्यावर गोल झाला असता तर सहा विश्वचषकांत गोल करणारी ती जगातली पहिली खेळाडू ठरली असती, पुरुष धरूनसुद्धा. चियामाका न्नाडोझीने ती अडवली, सामना ०-० सुटला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला व्हँकुव्हरमध्ये ती शेवटचा सामना खेळली. त्या दिवसापुरतं स्टेडियमला तिचं नाव दिलं होतं. आकडा १९० वरच राहिला.

२०१२ ची ती लढत अख्खी पाहायला वेळ नसेल तर ६७ व्या मिनिटापासून लावा. पुढच्या तेरा मिनिटांत चार गोल आहेत, त्यातले दोन तिचे.