शब्दशंका : ‘लिगेशन’ म्हणजे टाके घालणे का?

प्रश्न : माझे यजमान गोखले रोडवरच्या दुकानात तीस वर्षे उभ्याने काम करीत आले. पायाच्या फुगलेल्या शिरांवर नुकतीच त्यांची शस्त्रक्रिया झाली. डिस्चार्ज कार्डावर ‘लिगेशन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ टाके घालणे असाच ना? शीर बांधली असेल, तर पायाचे रक्त अडणार नाही ना?
— एक वाचक भगिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : टाके घालण्याला ‘सूचर’ म्हणतात, तो शब्द शिवणे या अर्थाच्या ‘सुएरे’ या लॅटिन क्रियापदावरून आला. ‘लिगेशन’चे मूळ ‘लिगारे’, म्हणजे बांधणे. रक्तवाहिनीभोवती दोरा फिरवून, आतला प्रवाह थांबेल इतकी गाठ आवळणे म्हणजे लिगेशन, आणि तो दोरा म्हणजे ‘लिगेचर’. हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे ‘लिगामेंट’ याच मुळाचे. आपल्या ‘नसबंदी’तही बांधण्याचीच कल्पना आहे, मात्र तेथे बांधतात ती शुक्रवाहिनी.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने, रक्त वाहणारी वाहिनी दोन ठिकाणी बांधून मधोमध कापावी, असे लिहिले आहे, आणि तेथे त्याने वापरलेले क्रियापदही ‘लिगारे’पासूनच बनलेले आहे. पुढे युरोपात तापलेल्या लोखंडाने जखम डागण्याची रीत रूढ राहिली. 1552 मध्ये दाँव्हिये येथील वेढ्यात फ्रेंच शल्यविशारद अँब्रोज पारे याने पाय कापल्यावर डागण्याऐवजी रक्तवाहिन्या बांधल्या; जखमी सैनिकाच्या वेदनांचा विचार केला, तर हा बदल किती मोठा होता हे ध्यानात येते. तरीही दोऱ्याची टोके जखमेबाहेर लांब सोडलेली असत आणि पू होऊन दोरा गळून पडण्याची वाट पाहावी लागे. जोसेफ लिस्टरने 1869 मध्ये कार्बोलिक आम्लाने जंतुरहित केलेल्या, प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेल्या ‘कॅटगट’ धाग्याविषयी लिहिले. हा धागा शरीरात विरघळत असल्याने टोके आखूड कापून जखम बंद करता येऊ लागली.

आपल्या यजमानांची बांधलेली शीर त्वचेलगतची असणार. बहुधा जांघेत, जेथे ती खोल शिरेला मिळते तेथेच गाठ मारली असेल. त्या शिरेच्या झडपा निकामी झाल्याने रक्त उलटे उतरून साचत होते. पायातील बहुतेक रक्त हृदयाकडे परत नेण्याचे काम खोल शिरा करतात, आणि त्या सुस्थितीत आहेत ना, हे शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफीने तपासले जाते. त्यामुळे वरची शीर कायमची बांधली तरी पायाचे रक्ताभिसरण अडत नाही.