वाचक विचारतात : आधी लग्न, मग ओळख

प्रश्न : माझी लेक टेक्सासला असते. तिच्या चर्चमध्ये जुन्या पुस्तकांचं एक कपाट आहे, त्यातून तिनं मला सात-आठ इंग्रजी कादंबऱ्या आणून दिल्या. सगळ्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या, बैलगाड्यांच्या काळातल्या. मी अधाशासारख्या वाचून काढल्या. पण बहुतेकींमध्ये नायक-नायिकेचं लग्न आधी होतं आणि ओळख नंतर. एकीत तर नवऱ्याला पुरल्यावर लगेचच बाई परक्या माणसाशी लग्न करते. लेक म्हणते, हे लेखिकांनी सोयीसाठी रचलेलं आहे. पानोपानी प्रार्थना असते, त्यालाही ती नाक मुरडते. खरं काय समजायचं?
— एक वाचक, मिरज

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मीही ह्या कादंबऱ्यांची जुनी वाचक आहे. तुम्ही म्हणता ती कादंबरी बहुधा जॅनेट ओक ह्या कॅनेडियन लेखिकेची, १९७९ साली आलेली ‘लव्ह कम्स सॉफ्टली’. ह्या प्रकारच्या आजच्या कादंबऱ्यांची वाट तिनंच पाडली. त्यातली मार्टी विधवा होते, पोटुशी असते, थंडी तोंडावर आलेली असते. क्लार्कच्या घरी आईविना लहान मुलगी असते. तो म्हणतो, पोरीला आई हवी, तुम्हाला छप्पर हवं. वसंतात माघारी जावंसं वाटलं तर भाड्याचे पैसे मी देईन.

हे रचलेलं आहे, पण खोटं नाही. तिथले मेथडिस्ट ह्या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक घोड्यावरून फिरत. एक फेरी पुरी व्हायला चार-सहा आठवडे लागत, हिवाळ्यात त्याहून जास्त. तो आला की मागच्या फेरीनंतर जन्मलेल्यांचा बाप्तिस्मा, मेलेल्यांची प्रार्थना आणि जुळलेल्यांची लग्नं एकदमच उरकायची. अंत्यविधीला आलेल्याच पाळकानं लग्न लावून पुढच्या मुक्कामाला निघायचं, ह्यात तिथल्या माणसाला नवल वाटलं नसतं.

त्यात जमिनीचा कायदा. २० मे १८६२ ला लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर सरकारी जमीन नावावर करायची तर पाच वर्षं तिथं राहून कसायची. एकवीस वर्षांची अविवाहित बाई किंवा विधवा स्वतःच्या नावानं अर्ज करू शके, लग्न झालेली बाई सहसा नाही. म्हणजे पुढच्या काळातली एखादी नायिका ‘लग्न नको’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे नुसता मान नसतो, १६० एकर असतात. ज्या लेखिकेला हे ठाऊक असतं, तिच्या पुस्तकातला नकार वेगळाच लागतो. लेकीला ही बाब जरूर सांगा.

पण मला तुम्हाला कादंबरीबाहेरचं एक लग्न सांगायचंय. त्याचा धागा आमच्या नगरपर्यंत येतो. माझी आजी नगरच्या मिशनमध्ये बायबलबाई, म्हणजे घरोघरी बायबल वाचून दाखवणारी, होती, म्हणून ही गोष्ट मला घरची वाटते.

न्यूयॉर्क राज्यातली नर्सिसा प्रेंटिस. तिला मिशनरी व्हायचं होतं. तिच्या वतीनं अमेरिकन बोर्डाकडे, म्हणजे मिशनरी धाडणाऱ्या संस्थेकडे, विचारणा झाली. हे तेच बोर्ड, ज्याचे लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. उत्तर आलं, इंडियनांमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांमधल्या, मिशनला अविवाहित बायकांची सध्या गरज नाही. गंमत बघा, ह्याच बोर्डानं १८२७ मध्ये सिंथिया फरार ह्या अविवाहित बाईंना मुंबईला धाडलं होतं. फरारबाई पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. मुंबईला एकटी बाई चालली, अमेरिकेच्या पश्चिम टोकाच्या ओरेगनला चालेना.

तिकडे मार्कस व्हिटमन नावाच्या डॉक्टरलाही ओरेगनकडे जायचं होतं, आणि बोर्डाला अशा ठिकाणी जोडपी हवी होती. फेब्रुवारी १८३५ मध्ये दोन-तीन दिवसांच्या भेटीत लग्न ठरलं. तो लगेच पश्चिमेकडे पाहणीला निघून गेला, वर्ष संपता संपता परत आला. १८ फेब्रुवारी १८३६ ला लग्न लागलं. नवरीचा पोशाख काळा होता. शेवटी मायदेशाचा निरोप घेणारं गीत सुरू झालं, तेव्हा एकेकाचा आवाज हुंदक्यात बुडत गेला आणि शेवटचं कडवं नवरी एकटीच म्हणत राहिली, असं सांगतात. आपल्याकडची पाठवणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या चर्चमधला आवाज ऐकू येईल. दुसऱ्या दिवशी ती दोघं निघाली. ४ जुलैला नर्सिसानं आणि तिच्या सोबतीच्या एलायझा स्पाल्डिंगनं रॉकी पर्वताची खिंड ओलांडली. माहीत असलेल्या गोऱ्या बायकांमध्ये ह्या दोघी पहिल्या.

आता प्रेमाचं. वाटेवरून नर्सिसानं घरी पत्रं लिहिली. झाडं संपली तेव्हापासून स्वयंपाक गव्यांच्या वाळलेल्या शेणावर होतो, असं ती कळवते. आपल्या गोवऱ्याच की! आणि लगेच लिहिते, हे वाचून हॅरिएट तोंड वाकडं करील, पण इथं असती तर जेवण शिजतंय ह्यातच खूश झाली असती. हॅरिएट तिची धाकटी बहीण. दुसऱ्या बहिणीला, जेनला, तिनं लिहिलंय की सुखी व्हायचं असेल तर मला मिळाला तसा चांगला नवरा मिळव आणि मिशनरी हो. लग्नाला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. ओळखही जेमतेम तेवढीच.

ऑगस्टमध्ये स्नेक नदीकाठी ओझं कमी करायची वेळ आली. हॅरिएटनं दिलेली लहानशी ट्रंक तिला टाकावी लागणार होती. पत्रात ती चक्क ट्रंकेशीच बोलते : बिचारी ट्रंक, तुला सोडताना वाईट वाटतंय, आता तुला इथं एकटीनंच राहायचं. मग कळवते की सोबतच्या एका गृहस्थानं ती नेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा काल रात्रीचं बोलणं फुकट गेलं. माझ्या आईची सासरी आलेली पत्र्याची ट्रंक अजून माझ्या पलंगाखाली आहे. ते पत्र वाचल्यावर मी ती ओढून पुसून काढली.

प्रार्थनेबद्दल लेकीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. काही पुस्तकांत नायक आधी देव न मानणारा असतो, शेवटाकडे गुडघे टेकतो आणि पुढच्याच प्रकरणात लग्न. तिथं प्रार्थना म्हणजे कुलपाची किल्ली होते, आणि मलाही ते वाचवत नाही. पण वैद्य चार दिवसांच्या वाटेवर, शेजारी दोन कोसांवर, अशा जागी ताप चढलेल्या लेकराशेजारी बसलेल्या बाईनं प्रार्थना केली नाही, तर ती मला खोटी वाटेल. तुमच्या कादंबऱ्यांमध्ये एक शोधा : मागितलेलं न मिळाल्यावर ती बाई काय करते? ज्या लेखिकेनं ते पान लिहिलंय तिची सगळी पुस्तकं वाचा. माझ्या आजीनं पाच मुलांपैकी दोन पुरली आणि तरीही रोज संध्याकाळी कंदिलाखाली स्तोत्रसंहिता उघडली. तिला कुणी प्रचारकी म्हटलेलं मला खपलं नसतं.

प्रश्न : मी मराठीत अशीच एक प्रेमकथा लिहितो आहे. १८४७, ओरेगनमधलं मिशन. रेड इंडियन टोळी हल्ला करते आणि नायक नायिकेला वाचवून नेतो. हल्ल्यापासूनच सुरुवात करावी का?
— एक वाचक, नाशिक

नको. आणि ‘रेड इंडियन टोळी’ असंही नको. तुम्ही जे मिशन धरलंय ते वरच्याच नर्सिसाचं, वाइलाटपूचं. ती भूमी कायूस लोकांची. त्यांना त्यांच्या नावानं हाक मारा.

१८४७ मध्ये वाटसरूंच्या तांड्यांबरोबर गोवर आला. कायूसांच्या अंगात त्याला तोंड द्यायची ताकद नव्हती. जवळजवळ निम्मे लोक गेले. डॉक्टर व्हिटमन दोन्हीकडच्या आजाऱ्यांना औषध देत होते. गोऱ्यांची मुलं बहुतेक उठून बसत होती, कायूसांची पुरली जात होती. ज्याच्या हातून रोगी दगावला त्या वैद्याचा जीव घेण्याची त्यांच्यात रीत होती. त्यात दरवर्षी जास्त तांडे येत होते, जमीन जात होती. २९ नोव्हेंबरला मार्कस आणि नर्सिसा मारले गेले, त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत मिशनवरचे आणखी अकरा जण. १८५० मध्ये ओरेगन सिटीत पाच कायूसांना फाशी दिलं. ह्यातलं आधीचं सगळं गाळून नुसता हल्ला लिहिलात, तर वाचक नायकाच्या घोड्यावर बसून निघून जाईल आणि मागे कोण मेलं ते त्याला कधीच कळणार नाही. ह्या प्रकारच्या कितीतरी कादंबऱ्यांनी हेच केलंय. मला त्या आवडतात, म्हणूनच हे सलतं.

सुरुवात दहा वर्षं आधी करा. १४ मार्च १८३७ ला नर्सिसाला मुलगी झाली, अ‍ॅलिस क्लॅरिसा. कायूस भूमीवर जन्मली म्हणून ते लोक तिला ‘कायूस तेमी’ म्हणत, कायूसांची मुलगी. ती त्यांच्या भाषेत बोलायला लागली होती. २३ जून १८३९ ला, सव्वादोन वर्षांची असताना, ती दोन पेले घेऊन पाणी आणायला नदीवर गेली. पेले पाण्यात दिसले, ती दिसेना. सगळे शोधत राहिले. शेवटी एका म्हाताऱ्या कायूस माणसानं पाण्यात बुडी मारून तिला वर काढलं.

नर्सिसाच्या पत्रात तो नुसता ‘एक म्हातारा इंडियन’ आहे. तुमच्या कादंबरीत त्याला नाव द्या, घर द्या, नातवंडं द्या. आणि १८४७ चा गोवर आधी त्याच्या घरात येऊ द्या.