काउंटीचं बजेट आणि आमच्या गल्लीतले दोन गतिरोधक

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची बदली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात होतेय, जुलैत पुण्याहून फेअरफॅक्स काउंटीत यायचंय, मुलगी चौथीत आहे आणि 'काउंटी शाळांच्या पैशाला कात्री लावणार' ही बातमी वाचून पोटात गोळा आलाय. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच का, हेही विचारलंय. मला इथे अकरा वर्षं झाली, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

आधी बातमी कोणत्या महिन्यातली आहे ते बघा. फेब्रुवारी-मार्चमधली असेल तर तो नुसता प्रस्ताव. इथलं आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून. फेब्रुवारीत काउंटी एक्झिक्युटिव्ह बजेट मांडतात. त्यांना आपले महापालिका आयुक्त समजा, पण एक फरक मोठा आहे. पुण्याचा आयुक्त राज्य सरकार पाठवतं; इथे त्या माणसाला बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे लोकांनी निवडलेलं मंडळच, नोकरीवर ठेवतं आणि नको झाला तर तेच घरी पाठवतं. बोर्डावर दहा जण असतात. नऊ जण काउंटीच्या नऊ डिस्ट्रिक्टमधून (आपले प्रभाग समजा) आलेले, दहावा चेअरमन साऱ्या काउंटीने निवडलेला. आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखं इथे कुणी नसतं, म्हणून 'काउंटी म्हणजे जिल्हा' हे समीकरण डोक्यातून काढा. काउंटीची वस्ती साडेअकरा लाखांच्या आसपास, आणि पोलीस, अग्निशमन, वाचनालयं, बागा असं जे आपण महापालिकेकडे मागतो ते बरंचसं हिच्याकडे.

मग बोर्ड घरपट्टीचा दर जाहीर करतं. एकदा जाहीर केला की मे महिन्यात त्याच्या खाली यायला मोकळीक असते. वर जायचं तर पुन्हा जाहीर करण्यापासून सुरुवात. त्यामुळे हाताशी जागा राहावी म्हणून आकडा जरा चढाच धरतात आणि वर्तमानपत्रं तोच छापतात. एप्रिलमध्ये जाहीर सुनावण्या, मे उजाडला की मंजुरी. 2026 च्या आर्थिक वर्षासाठी (जुलै 2025 ते जून 2026) दर ठरला घराच्या किमतीच्या दर शंभर डॉलरला 1.1225 डॉलर. म्हणजे सहा लाख डॉलरच्या घराला वर्षाचे 6,735 डॉलर, 28 जुलै आणि 5 डिसेंबर अशा दोन हप्त्यांत. तुम्ही भाड्याने राहाल, पण घरमालक ते आपल्या खिशातून भरत नसतो.

शाळांचं प्रकरण एकत्र कुटुंबासारखं आहे. स्वयंपाकघर एकीच्या हातात, तिजोरीची किल्ली दुसरीच्या कमरेला. स्कूल बोर्ड वेगळं निवडून येतं, पण कर लावायचा अधिकार त्यांना नाही. पैसे काउंटी बोर्डाकडेच मागायचे. काउंटीच्या जनरल फंडातला, म्हणजे मुख्य तिजोरीतला, निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडेच जातो, तरी दर वसंतात तणातणी ठरलेली. शाळांनी मागितलेल्या वाढीपेक्षा कमी वाढ मिळाली की तिलाही पुष्कळदा 'कपात'च म्हणतात. खरी कात्रीही लागते, नाही असं नाही. पण मुलीचा प्रवेश त्यामुळे अडत नाही. ती काळजी सोडा.

आता सभेत काय चालतं, ते ऐका. आमच्या गल्लीतून गाड्या सुसाट जायच्या. गतिरोधक हवा म्हणून आम्ही शेजाऱ्यांनी सुपरवायझरच्या ऑफिसला लिहिलं. तेव्हा कळलं की रस्ता काउंटीचा नाहीच, राज्याचा. 1932 च्या कायद्याने व्हर्जिनियातल्या जवळजवळ सगळ्या काउंट्यांचे रस्ते राज्याकडे गेले. (खड्डा दिसला तरी तक्रार राज्याच्या वाहतूक खात्याकडे. काउंटीला फोन करून मी एकदा शोभा करून घेतली आहे.) मग वेगाची मोजणी, काउंटीच्या वाहतूक खात्याच्या लोकांसोबत बैठका, घरोघरी मतपत्रिका. समोरचे आजोबा म्हणाले, माझ्या गाडीची स्प्रिंग जाईल, मी नाहीच म्हणणार. अडीच वर्षांनी विषय बोर्डापुढे आला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून काउंटीच्या गव्हर्नमेंट सेंटरला गेले, बोलायची वेळ आली तर म्हणून कागदावर चार ओळी लिहून. विषयपत्रिकेवर 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह आयटम्स' या मथळ्याखाली आमचा नंबर सहावा. एका सुपरवायझरने सगळे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह विषय एकदमच मांडले, दुसरीने अनुमोदन दिलं, दहा तोंडांतून 'आय' (म्हणजे 'मंजूर') आलं, संपलं. मी पर्समधून चष्मा काढत होते, तेवढ्यात आमचे दोन गतिरोधक मंजूर!

रोजच्या कारभारातले पुष्कळसे निर्णय असेच होतात. राज्याकडे द्यायचे रस्ते, मुदतवाढी, पुढच्या सुनावणीची जाहिरात द्यायला परवानगी, सगळं एका दमात. वाद असेल तो विषय वेगळा काढतात. सभेत भांडण दिसलं नाही म्हणजे ते झालंच नाही असं नसतं, आधीच्या अडीच वर्षांत होऊन गेलेलं असतं. तुम्हाला मतदानाचा हक्क नसला तरी तोंड आहे. व्हिसावरचा माणूसही बजेटच्या सुनावणीला नाव नोंदवून आपली तीन मिनिटं बोलू शकतो. घंटी वाजली की मात्र थांबायचं. आपल्याकडच्या आमसभेतून आलेल्याला हे जड जातं.

एवढ्यात कामाचं म्हणाल तर दोन गोष्टी. गाडी घेतलीत की काउंटीकडे नोंद करा. इथे गाडीच्या किमतीवर दरवर्षी कर असतो, शंभराला 4.57 डॉलर, बहुतेकांना 5 ऑक्टोबरपर्यंत भरायचा. पहिल्या 20,000 डॉलर किमतीवरच्या कराचा काही भाग राज्य उचलतं. पहिल्या वर्षी ते बिल मी जाहिरात समजून फेकलं आणि दंड भरला.

दुसरी गोष्ट, घर शोधताना पत्त्यातल्या गावाच्या नावावर जाऊ नका. 'अलेक्झांड्रिया' किंवा 'फॉल्स चर्च' लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत आहेत, तर त्याच नावांची स्वतंत्र शहरं वेगळी. त्यांचा कर वेगळा, शाळा वेगळ्या. फेअरफॅक्स सिटी तर फेअरफॅक्स काउंटीत मोडतच नाही. उलट हर्नडन आणि व्हिएन्ना काउंटीत असून त्यांचा स्वतःचा टाउन कर वर. भाडेकरार सही करण्याआधी एजंटला सरळ विचारा, हे घर कोणत्या काउंटीत की स्वतंत्र शहरात, आणि शाळा कुठली. उत्तर लेखी घ्या.