पाच वर्षांचा आकडा नेमका कोणाचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल आणि त्यातही 'सर्व्हायव्हल रेट'बद्दल, म्हणजे निदानानंतर ठराविक वर्षांनी किती टक्के पेशंट हयात असतात त्याबद्दल, बरेच प्रश्न होते. त्यातले चार घेतलेत.

प्रश्न: माझे बाबा 71 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो झाली, सध्या रिपोर्ट चांगले आहेत. नेटवर वाचलं की या कॅन्सरचा पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट 65 टक्के आहे. म्हणजे पुढच्या तीन वर्षांत बाबा जाण्याची शक्यता 35 टक्के धरायची का? हे वाचल्यापासून झोप उडालीये.

उत्तर: ताई, नाही, तसं अजिबात धरू नका.

तुम्ही वाचलेला 65 च्या आसपासचा आकडा बहुतेक अमेरिकेच्या 'सीअर' या रजिस्ट्रीतला (कॅन्सरच्या केसेसची नोंद ठेवणारी यंत्रणा) आहे आणि त्यात सगळ्या स्टेजचे पेशंट एकत्र आहेत. तेच वेगवेगळे काढले तर आतड्यापुरताच मर्यादित असलेला कॅन्सर 90 च्या आसपास, जवळच्या गाठींपर्यंत (लिम्फ नोड्स) गेलेला 70 च्या थोडा वर, आणि लिव्हर-फुप्फुसापर्यंत पसरलेला जेमतेम 15 च्या आसपास, एवढा फरक पडतो. त्यामुळे सरासरी 65 मध्ये तुमच्या बाबांबद्दल फारसं काहीच नाहीये.

दुसरं म्हणजे हे मोजणं निदान झालं त्या दिवसापासून सुरू होतं, आणि सगळ्यात जास्त मृत्यू पहिल्या वर्षात होतात, कारण काही जण उशिरा आलेले असतात, काही ऑपरेशनच सहन करू शकत नाहीत. पाच वर्षांचा आकडा हा खरं तर पाच पायऱ्यांचा गुणाकार असतो. समजा पहिलं वर्ष पार करणारे 85 टक्के, त्यातून दुसरं पार करणारे 92, मग 94, 96 आणि 97. सगळ्यांचा गुणाकार केला की साधारण 68 टक्के येतात. पण तुमच्या बाबांनी पहिल्या दोन पायऱ्या ओलांडल्यात, त्यांच्यासाठी उरल्या शेवटच्या तीन, आणि त्यांचा गुणाकार 88 च्या जवळ जातो. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण प्रकार खरा आहे, रजिस्ट्रीवाले याला कंडिशनल सर्व्हायव्हल म्हणतात आणि माझ्या मते पेशंटच्या घरच्यांना पहिल्यांदा हाच आकडा सांगायला हवा, तोच सगळ्यात कमी सांगितला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट. हा 65 चा आकडा 'रिलेटिव्ह' असतो. समजा 75 च्या आसपास वय असलेल्या 100 पेशंटपैकी पाच वर्षांनी 52 हयात आहेत. पण त्याच वयाच्या, कॅन्सर नसलेल्या 100 लोकांपैकीसुद्धा पाच वर्षांनी समजा 80 च उरतात, कारण हार्ट अटॅक, स्ट्रोक हे सगळं असतंच. मग 52 भागिले 80 करतात आणि 65 टक्के लिहितात. म्हणजे कॅन्सर सोडून दुसऱ्या कशानेच माणूस गेला नाही तर किती जण राहिले असते, याचा तो अंदाज आहे. देशादेशांची तुलना करायला तो उत्तम, पण एखाद्या माणसाचं भविष्य सांगायला तो बनवलेलाच नाहीये.

बाबांच्या डॉक्टरांना स्टेज विचारा, किती गाठी तपासल्या आणि त्यातल्या किती पॉझिटिव्ह होत्या ते विचारा. हा कॅन्सर परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, त्यामुळे आता सीईए (रक्ताची तपासणी) आणि स्कॅनच्या तारखा मात्र चुकवू नका.

प्रश्न: सर, मी कम्युनिटी मेडिसिनला पीजी करतोय. थिसिससाठी कॅन्सर रजिस्ट्रीचा कोलोरेक्टलचा (मोठं आतडं आणि गुदाशयाचा कॅन्सर) डेटा मिळालाय. प्रॉब्लेम असा की खूप जणांचा शेवटचा कॉन्टॅक्ट निदानानंतर काही महिन्यांतलाच आहे, पुढे काहीच नोंद नाही. सगळे म्हणतात सेन्सर कर (म्हणजे त्यांना शेवटच्या नोंदीपर्यंतच मोज) आणि कॅप्लान-मायर (सर्व्हायव्हल काढायची पद्धत) लावून मोकळा हो. चालेल का?

उत्तर: मित्रा, सॉफ्टवेअर दोन मिनिटांत कर्व्ह काढून देईल, पण तो कशाचा कर्व्ह असेल ते आधी बघ.

समजा 100 पेशंट आहेत. पाच वर्षांत 40 गेल्याचं नक्की माहितीये, 20 हयात असल्याचं नक्की माहितीये, आणि 40 चा पत्ताच नाही. हे 40 सगळे जिवंत धरले तर सर्व्हायव्हल 60 टक्के, सगळे गेले धरले तर 20 टक्के. इतकी मोठी फट आहे आणि कॅप्लान-मायर त्याच्या मध्ये कुठेतरी एक आकडा टाकेल, तोही हे गृहीत धरून की हरवलेले पेशंट उरलेल्यांसारखेच होते. 1958 साली कॅप्लान आणि मायर यांनी मांडलेली पद्धत चुकीची नाहीये, पण ही अट मोडली की ती काहीच करू शकत नाही. आणि इथे ती मोडतेच. पेशंट यायचा का थांबतो? कधी बरं वाटलं म्हणून, पण कितीतरी वेळा आता उपाय नाही असं सांगून घरी पाठवलेलं असतं म्हणून. घरी गेल्यावर तो माणूस गेला तर नातेवाईक हॉस्पिटलला कळवायला थोडेच येतात.

म्हणून आधी माणसं शोध. मृत्यूनोंदणीच्या डेटाशी जुळवणी कर, नुसतं नाव धरून नाही, कारण स्पेलिंग बदलतं, लग्नानंतर आडनाव बदलतं, वय अंदाजे लिहिलेलं असतं, तेव्हा नाव, लिंग, वय, पत्ता सगळं मिळून बघ आणि संशयास्पद जोड्या हाताने तपास. फोन, घरभेट जे शक्य असेल ते कर. मी तर म्हणेन थिसिसचा निम्मा वेळ यात गेला तरी चालेल, हेच खरं काम आहे.

उलट बाजूचा धोकाही लक्षात ठेव. काही रजिस्ट्रीत मृत्यूची नोंद सापडली नाही की पेशंट जिवंत धरतात. जिथे मृत्यूनोंदणी पक्की आहे तिथे हे चालतं, नसेल तर कागदावर लोक अमर होतात आणि आकडा फुगतो. तपासायचं कसं? चौथ्या स्टेजचे किती जण दहा वर्षांनीही 'हयात' दिसतायत ते काढ, आणि वयाची 95 ओलांडलेले किती आहेत ते काढ. ते प्रमाण विचित्र दिसलं की लगेच कळेल.

मग ज्या केसेस फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळल्या त्यांचं बघ. निदानाची तारीखच नाही त्यामुळे त्यांना सर्व्हायव्हलमधून वगळावं लागतं, पण ते किती टक्के आहेत हे लिहायलाच हवं, कारण लवकर गेलेले लोक त्यातच जास्त असतात आणि ते वगळले की उरलेल्यांचं चित्र बरं दिसतं.

हे सगळं झालं की मग नेट सर्व्हायव्हल काढ, म्हणजे कॅन्सर सोडून दुसऱ्या कशानेच कोणी गेलं नाही असं धरून येणारा आकडा. मृत्यूचं कारण दाखल्यावर नीट लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून आपल्या भागाची वय, लिंग, वर्षनिहाय लाइफ टेबल (कोणत्या वयात किती लोक जातात याचा तक्ता) घे आणि पोहार-पेर्मे एस्टिमेटर (नेट सर्व्हायव्हल काढायची पद्धत) वापर, 2012 साली आलेला आहे, आर या सॉफ्टवेअरच्या रेलसर्व्ह पॅकेजमध्ये मिळतो. दुसऱ्या रजिस्ट्रीशी तुलना करायची असेल तर वयाचं स्टँडर्डायझेशन कर, म्हणजे दोन्हीकडे वयोगटांचं प्रमाण सारखं धर. कोलोरेक्टलसाठी आंतरराष्ट्रीय वजनं 15 ते 44 ला 7 टक्के, 45 ते 54 ला 12, 55 ते 64 ला 23, आणि 65 ते 74 व 75 च्या पुढे प्रत्येकी 29 अशी आहेत. 2018 च्या कॉन्कॉर्ड-3 अभ्यासात 71 देशांतल्या 322 रजिस्ट्रींचा डेटा अशाच रीतीने एका मापात आणला होता, तो पेपर मेथड्ससाठी जरूर वाच.

आणि गाईडना सांग की हरवलेल्यांना जिवंत धरून एक आणि मृत धरून एक, असे दोन्ही टोकांचे आकडे थिसिसमध्ये असतीलच. ते लपवून एकच देखणा आकडा छापला तर उद्या त्यावर कोणीतरी धोरण ठरवेल.

प्रश्न: एखाद्या देशात सर्व्हायव्हल वाढला म्हणजे उपचार सुधारले असंच ना?

उत्तर: तेवढ्यावरून नाही सांगता येत. समजा एक जण 70 व्या वर्षी जाणार आहे. त्रास सुरू झाल्यावर 67 ला निदान झालं तर तो तीन वर्षं जगला, आणि स्क्रीनिंगमध्ये (त्रास नसताना केलेल्या तपासणीत) 64 लाच सापडलं तर सहा वर्षं जगला, म्हणजे पाच वर्षांच्या आकड्यात तो 'वाचला', पण आयुष्य एक दिवसही वाढलं नाही. म्हणून सर्व्हायव्हलच्या शेजारी लोकसंख्येतला मृत्यूदर आणि नव्या केसेसचा दर ठेवूनच बघायचं.

पण यावरून स्क्रीनिंग फुकट आहे असं कृपया कोणी समजू नका. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटाच्या ट्रायलमध्ये दरवर्षी शौचातलं लपलेलं रक्त तपासणाऱ्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू 33 टक्क्यांनी कमी झाले होते, आणि ते मृत्यूदरात मोजलेलं आहे, सर्व्हायव्हलमध्ये नाही. शिवाय कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) पॉलिप, म्हणजे आतड्यातली छोटी वाढ, काढून टाकला तर त्याचा कॅन्सर होतच नाही, तो माणूस रजिस्ट्रीत येतच नाही, त्यामुळे स्क्रीनिंगचा सगळ्यात मोठा फायदा सर्व्हायव्हल रेटमध्ये दिसतच नाही!

प्रश्न: कोलन (मोठं आतडं) आणि रेक्टम (गुदाशय) एकत्र मोजायचे की वेगळे?

उत्तर: जमलं तर वेगळे, कारण उपचार वेगळे आहेत, रेक्टमला ऑपरेशनच्या आधी रेडिएशन बऱ्याचदा देतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडमध्ये सी18 कोलन, सी19 दोघांचा सांधा, सी20 रेक्टम. सी21 म्हणजे गुदद्वार, ते काही जण रेक्टममध्ये धरतात, काही नाही. अपेंडिक्सही सी18 मध्येच येतं आणि तिथले कार्सिनॉइड ट्यूमर बऱ्याचदा खूप सौम्य असतात, ते आत राहिले की कोलनचा आकडा वर सरकतो. काय आत घेतलं आणि काय वगळलं ते टेबलच्या खालीच लिहा.