घरातल्या संगणकांचा बॅकअप रात्री आपोआप घ्यायचा असेल, तर पासफ्रेज नसलेली एसएसएच की वापरणे सुरक्षित आहे का?

आपल्याकडे दोन-तीन लिनक्स संगणक आणि बॅकअपसाठी वेगळे ठेवलेले एक मशीन आहे. रात्री समोर कोणी नसताना आरसिंक (फाइलींची प्रत दुसऱ्या संगणकावर नेणारा प्रोग्राम) चालावे, पण पासफ्रेज (की वापरताना द्यावा लागणारा परवलीचा शब्द) नसलेली एसएसएच की, म्हणजे दुसऱ्या संगणकात शिरण्याची किल्ली असलेली फाइल, डिस्कवर ठेवायला मन धजत नाही, असे आपण लिहिले आहे. शंका रास्त आहे. मात्र माणसाविना चालणाऱ्या कामात गुपित कुठेतरी उघडे राहतेच. कीला पासफ्रेज लावून तीच स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली दारालाच टांगणे. म्हणून की लपवण्याच्या खटाटोपापेक्षा ती चोरीला गेली तरी चोराच्या फारसे काही हाती लागू नये, अशी व्यवस्था मी करतो.

त्यासाठी बॅकअपची की स्वतंत्र असावी, रोजच्या लॉगिनची नव्हे. ज्या संगणकावर ती स्वीकारली जाणार, तिथल्या ऑथोराइज्ड-कीज फाइलमध्ये (कोणत्या की चालतील याची यादी) तिच्या ओळीच्या सुरुवातीला तीन अटी घालाव्यात. ‘फ्रॉम’मध्ये बॅकअप मशीनचा आयपी पत्ता द्यावा (तो राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा लागेल). ‘रिस्ट्रिक्ट’ हा पर्याय ओपनएसएसएच ७.२ पासून, म्हणजे २०१६ पासून उपलब्ध आहे. त्याने पोर्ट फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग आणि टर्मिनल एका फटक्यात बंद होतात. सर्वांत महत्त्वाची अट ‘कमांड’ची: पलीकडून काहीही मागितले, तरी इथे लिहिलेली आज्ञाच चालते. तिथे आरसिंकसोबतच मिळणारी आर-आरसिंक ही स्क्रिप्ट ‘फक्त वाचन’ पर्यायासह लिहावी आणि पुढे एकाच फोल्डरचा मार्ग द्यावा. मग ती की वापरून त्या फोल्डरमधल्या फाइली वाचता येतात, बदलता किंवा पुसता येत नाहीत.

यात मी एक गोष्ट गृहीत धरली आहे: बॅकअप मशीनने इतरांकडून फाइली ओढून घ्याव्यात, इतरांनी त्याच्याकडे ढकलू नयेत. संगणकांना बॅकअपवर लिहिण्याचा पूर्ण अधिकार असेल, तर एखाद्यात शिरलेले रॅन्समवेअर मूळ फाइलींबरोबर बॅकअपही निकालात काढते. अर्थात, ओढून घेणाऱ्या मशीनकडे सगळ्यांच्या फाइली जमतात, त्यामुळे त्याचा एकही पोर्ट इंटरनेटला उघडा नसावा आणि डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) एन्क्रिप्ट केलेली असावी. रात्री झाकण मिटलेल्या लॅपटॉपला ही रीत लागू पडत नाही; तिथे बोर्ग हा बॅकअप प्रोग्राम वापरून ढकलावे, पण बॅकअप मशीनवरच्या ‘कमांड’मध्ये बोर्ग-सर्व्ह ‘अपेंड-ओन्ली’ (फक्त भर घालण्याच्या) पर्यायासह ठेवावे. तरीही जुन्या प्रती छाटण्याआधी अलीकडच्या प्रती जागेवर आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे, कारण लॅपटॉपवरून घातलेला घाव त्या छाटणीनंतर कायमचा होऊ शकतो.

पहिली जोडणी हाताने करून होस्ट कीचा (पलीकडच्या संगणकाची ओळख पटवणारी की) फिंगरप्रिंट पडताळावा. स्क्रिप्ट अडते म्हणून ही तपासणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. आरसिंकचा ‘डिलीट’ पर्याय (मूळ जागी नसलेल्या फाइली प्रतीतूनही पुसणारा) नुसता वापरला, तर आज चुकून पुसलेली फाइल रात्री बॅकअपमधूनही जाते. आरसिंकच्याच ‘लिंक-डेस्ट’ पर्यायाने रोजचे वेगळे फोल्डर करावे, न बदललेल्या फाइली हार्डलिंक होत असल्याने, म्हणजे नवी प्रत न होता डिस्कवरच्या त्याच फाइलीला आणखी एक नाव मिळत असल्याने, जागा फारशी लागत नाही.

ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनच्या मेलवर विसंबू नये. मशीन बंदच पडले, तर तक्रारीचा मेलही येत नाही. शेवटच्या यशस्वी प्रतीची तारीख दुसऱ्याच संगणकाने तपासावी आणि ती दोन दिवसांहून जुनी असल्यास सूचना द्यावी. अधूनमधून एखादे फोल्डर रिकाम्या जागी परत उतरवून मूळ फाइलींशी ताडूनही पाहावे.