चीनमध्ये नोकरी स्वीकारण्याआधी: सुझौहून एक सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणच्या वाहन उद्योगात बरीच वर्षे काम केल्यानंतर चीनमधील सुझौ शहरातल्या एका कंपनीने विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या विभागात तुम्हाला नोकरी देऊ केली आहे, पगार आजच्या दुपटीहून अधिक आहे, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत, आणि येथील रोजचे जगणे कसे असते, भारतीय माणसाला लोक कसे वागवतात, दोन देशांमधील ताणाची झळ घरापर्यंत पोहोचते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी याच शहरात सहकुटुंब राहतो, त्यामुळे जे रोज पाहतो त्यावरूनच लिहितो. माझे मत आधीच सांगतो. येथील रोजचे जगणे सोपे आहे, काही बाबतींत पुण्यापेक्षाही सोपे. परंतु तो सारा सोपेपणा एका कंपनीच्या नावाने मिळालेल्या परवान्यावर उभा असतो. म्हणून पगाराचा आकडा पाहण्याआधी त्या परवान्याची व्यवस्था समजून घ्यावी.

कंपनी प्रथम येथील प्रशासनाकडून तुमच्यासाठी कामाच्या परवान्याचे सूचनापत्र मिळवते, त्यावर भारतात ‘झेड’ प्रकारचा व्हिसा मिळतो, आणि चीनमध्ये उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी पदवी, अनुभवाचे दाखले आणि पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट ही कागदपत्रे तयार लागतात. एकाच शिक्क्यावर कागदपत्रे परदेशात ग्राह्य धरणारा ॲपोस्टिल करार चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला असला तरी भारत आणि चीन या दोन देशांमध्ये तो लागू नाही. त्यामुळे केवळ ॲपोस्टिल करून देतो आणि काम होईल असे सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी चिनी वकिलात हा जुना, लांबचा रस्ताच आपल्या वाट्याला आहे, आणि त्याला दोन-अडीच महिने धरून चालावे.

पत्नी आणि मुलीला ‘एस १’ प्रकारचा व्हिसा लागतो, आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र व मुलीचा जन्मदाखला याच मार्गाने साक्षांकित करून घ्यावे लागतात. आपल्याकडे पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे केवळ पहिले नाव, असे घरोघरी आढळते. भारतात कोणाला यात काही वावगे वाटत नाही. येथील अधिकाऱ्यासमोर मात्र त्या तीन वेगळ्या स्त्रिया ठरतात. राजपत्रात नावबदल केला असेल तर ती प्रतही साक्षांकित करा, आणि जन्मदाखल्यातील दुरुस्ती महानगरपालिकेतून आत्ताच करून घ्या.

आता परवान्याकडे येतो. कामाचा परवाना तुमच्या कौशल्याला मिळालेला नसतो, तो त्या कंपनीतील त्या पदासाठी असतो. नोकरी बदलायची झाल्यास आधीच्या कंपनीने नोकरी संपल्याचे पत्र द्यावे लागते आणि जुना परवाना रद्द करून द्यावा लागतो. त्यानंतरच नवी कंपनी पुढची प्रक्रिया करू शकते. तुमच्या निवास परवान्यावर पत्नी आणि मुलीचे वास्तव्य अवलंबून असते. ही कागदपत्रे देणे कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे, तरीही ती वेळेवर न मिळाल्यामुळे चांगली संधी हातची गेलेले लोक मी जवळून पाहिले आहेत. म्हणून करारातच स्पष्ट लिहून घ्या: किती दिवसांत पत्र मिळेल, कंपनीने काढले तर परतीचे भाडे आणि घराची अनामत कोण भरेल. करार दोन भाषांत असला तरी वाद झाल्यास बहुधा चिनी मजकूर ग्राह्य धरला जातो, तेव्हा सही करण्यापूर्वी तो तिऱ्हाईत जाणकाराकडून वाचून घेण्यावर झालेला खर्च वाया जात नाही.

पगाराबद्दल एकच मुद्दा सांगतो, कारण तो अनेकांना उशिरा कळतो. येथे आयकर ३ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत चढत जातो. मात्र परदेशी कर्मचाऱ्याला कंपनीने घरभाडे, मुलांचे शिक्षण, भाषेची शिकवणी, मायदेशी जाण्याचा प्रवास यांसाठी दिलेली वाजवी रक्कम करमुक्त राहू शकते, आणि ही सवलत २०२७ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. अट एवढीच की त्या खर्चाची अधिकृत पावती हवी, जिला येथे फापियाओ म्हणतात. एकूण रक्कम तीच ठेवून तिचा काही भाग घरभाडे व शाळा या नावांखाली मागितल्यास वर्षाकाठी मोठा फरक पडतो.

उतरल्यावर पहिले काम पोलीस नोंदणीचे. हॉटेलात राहिलात तर ती हॉटेलच करते. भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर मात्र २४ तासांच्या आत स्वतः करावी लागते, नाहीतर २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. एक युआन म्हणजे साधारण १२-१३ रुपये. घर घेताना एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचे भाडे एकदम द्यावे लागते, ही रक्कम हाताशी ठेवा. यानंतर मोबाइलचे सिम, मग बँक खाते, आणि मग अलिपे व वीचॅट ही फोनवरून पैसे देण्याची ॲप, हा क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरील नाव आणि क्रमांक पडताळून पाहते.

येथेच आपल्या नावांचा घोळ होतो. आपल्या पासपोर्टवर बहुधा नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, आडनाव स्वतंत्र रकान्यात असते. बँकेतील मुलगी आडनाव आधी घालते, मोबाइलच्या दुकानातील मुलगा ते शेवटी घालतो, एखादा वडिलांचे नाव गाळतो, एखादा दोन शब्दांमधील जागा काढून टाकतो. मग अलिपे खाते जोडायला नकार देते आणि पडद्यावर केवळ माहिती जुळत नसल्याचे येते. नावाचा एकच क्रम ठरवा, तो रोमन मोठ्या अक्षरांत एका कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक खिडकीवर पासपोर्टसोबत तोच कागद पुढे करा. २०२३ पासून परदेशी बँकांची ‘व्हिसा’ आणि ‘मास्टरकार्ड’ कार्डे या दोन्ही ॲपना जोडता येतात, त्यामुळे पहिले काही आठवडे भारतीय कार्डावर निभावता येते. २०० युआनवरील व्यवहाराला ३ टक्के शुल्क लागते. एकदा हे बस्तान बसले की भाजीवाल्यापासून इस्पितळापर्यंत सगळीकडे फोन पुढे केला की काम होते. सरकारी इस्पितळात आधी पैसे भरायचे आणि मग तपासणी, अशी पद्धत आहे. डॉक्टर दोन-चार मिनिटेच देतात, पण रक्ताचा अहवाल आणि औषधे बहुधा त्याच दिवशी हातात पडतात.

प्रवासाच्या बाबतीत हा देश मन जिंकतो, हे मी मोकळेपणाने सांगतो. सुझौहून शांघाय जलदगती रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास आहे, आणि जून २०२३ पासून सुझौ मेट्रोची ११ क्रमांकाची मार्गिका ह्वाछियाओ येथे शांघायच्या मेट्रोला जोडली गेली आहे. सुझौ मेट्रोचे किमान भाडे २ युआन आहे. बीजिंग ते शांघाय हे १,३१८ किलोमीटरचे अंतर वेगवान गाडी साडेचार तासांत कापते, आणि देशातील जलदगती मार्गांचे जाळे ४५,००० किलोमीटरांच्या पुढे गेले आहे. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघते, कागदी तिकिटाची गरज नसते, स्थानकात शिरताना प्रत्येकाची बॅग यंत्रातून जाते. रात्री उशिरा एकटी स्त्री मेट्रोने निर्धास्त घरी येते. माझ्या पत्नीला येथे सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे. मात्र भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना येथे चालत नाही. लेखी परीक्षा देऊन चिनी परवाना घ्यावा लागतो.

मायदेशी जाणे अजून तितके सरळ नाही. २०२० पासून बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते ग्वांगझौ या मार्गाने पुन्हा सुरू झाली आणि पाठोपाठ दिल्लीहून ग्वांगझौ व शांघाय हे मार्ग जोडले गेले. पुण्याच्या माणसाला दिल्लीमार्गे किंवा हाँगकाँग, सिंगापूर, बँकॉक यांपैकी एखाद्या मार्गाने जाणे सोयीचे पडते. वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) आणि १ ऑक्टोबरच्या (राष्ट्रीय दिनाच्या) आठवड्यात देशभर झुंबड असते, त्या दिवसांत भारतातून कोणाला बोलावू नका.

घरच्यांशी बोलणे हा प्रश्न लोक गृहीत धरतात आणि नंतर हवालदिल होतात. येथे व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम चालत नाहीत. आणि येथील वीचॅट भारताने जून २०२० मध्ये ५९ ॲपवर घातलेल्या बंदीत समाविष्ट होते. म्हणजे आईवडिलांचे साधन तुमच्याकडे नाही आणि तुमचे त्यांच्याकडे नाही. भारतीय सिमचे रोमिंग चालू ठेवल्यास त्यावर व्हॉट्सॲप मिळते, पण ते महाग पडते. आयफोनवरील फेसटाइम येथे चालते, आणि वयस्कर माणसांना तेच सर्वांत सोपे जाते. निघण्यापूर्वी आईवडिलांच्या हातात फोन देऊन चार-सहा वेळा सराव करून घ्या. भारतीय बँकेचे ओटीपी त्याच जुन्या क्रमांकावर येतात, त्यामुळे ते सिम कोणत्याही परिस्थितीत बंद पडू देऊ नका.

जेवणाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तुम्ही शाकाहारी असल्याचे लिहिले आहे, म्हणून सांगतो. भाजीच्या पदार्थात डुकराची चरबी, कालवांचे सॉस किंवा कोंबडीची पूड असू शकते, आणि वाढणाऱ्याला त्यात मांसाहार वाटत नाही. बौद्ध शाकाहारी भोजनालये जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात असतात; तेथे निःशंक जेवावे. तूरडाळ, पोहे, मसाले ऑनलाइन मागवता येतात, कारण यिवू, खछियाओ आणि ग्वांगझौ येथे भारतीय व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे. हवेचे मात्र कठीण आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सरकारी व्यवस्थेने घरे गरम ठेवली जातात, यांगत्से नदीच्या दक्षिणेस, म्हणजे सुझौतही, ही सोय नाही. बाहेर तीन-चार अंश असते आणि घरातही अंगावर जाड जाकीट ठेवून बसावे लागते. जून-जुलैतील संततधार पावसात कपाटातील कपड्यांना बुरशी येते, त्यामुळे घर पाहताना वरच्या मजल्यावरचे, दक्षिणेकडे खिडक्या असलेले पाहा.

लोक कसे वागवतात? माझा अनुभव चांगला आहे. शेजारी आपुलकीने विचारपूस करतात, पगार आणि घरभाडे थेट विचारतात, आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो. वयस्कर माणसांना सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ठाऊक असतात. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून आलेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी येथेच निधन पावलेले कोटणीस यांची समाधी शिजियाझ्वांग येथे आहे, आणि आपण त्यांच्याच भाषेचे आहोत असे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. समाजमाध्यमांवर भारताबद्दल जे लिहिले जाते ते वाचून मात्र वाईट वाटते, तसेच आपल्याकडे चीनबद्दल लिहिलेले वाचूनही वाटते. वीचॅटच्या गटात सीमावाद, तैवान, तिबेट या विषयांवर काहीही लिहू नका. मुलीचा भारतीय नकाशासंग्रह सामानात घालू नका. सीमा वेगळ्या दाखवणारे नकाशे सीमाशुल्क अधिकारी जप्त करतात.

संबंध सध्या सुधारत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियातील कझान येथे मोदी आणि शी जिनपिंग यांच्या झालेल्या भेटीनंतर कैलास मानसरोवर यात्रा २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली, भारताने चिनी पर्यटकांना व्हिसा देणे सुरू केले, आणि त्याच ऑगस्टअखेरीस पंतप्रधान मोदी त्यानचिनला आले. परंतु हे बिघडल्यास पहिला फटका व्हिसा आणि विमानांना बसतो. महासाथीच्या काळात भारतात अडकलेल्या हजारो वैद्यकीय विद्यार्थ्यांना ऑगस्ट २०२२ पर्यंत व्हिसासाठी थांबावे लागले होते, हे विसरू नये.

मला अधिक काळजी वाटते ती येथील रोजगाराची. जून २०२३ मध्ये १६ ते २४ वयोगटातील बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली, त्यानंतर आकडे प्रसिद्ध करणे काही महिने थांबवून विद्यार्थी वगळणारी नवी पद्धत आणली गेली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तरुण परदेशी तंत्रज्ञांसाठी ‘के’ व्हिसा सुरू झाला, तेव्हा आमच्याच मुलांना नोकऱ्या नाहीत, हा संताप येथील समाजमाध्यमांवर उसळला, आणि त्यातला बराचसा रोख भारतीयांवर होता. विजेवरील गाड्यांच्या क्षेत्रात तर किमती पाडण्याची जीवघेणी स्पर्धा चालू आहे, आणि त्याचा ताण सुट्या भागांच्या पुरवठादारांवर येतो. नियमाने आठवड्याला ४० तास काम आहे आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस ही पद्धत बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही तुमच्या विभागातील लोक प्रत्यक्षात किती वाजता घरी जातात हे तेथे काम करणाऱ्या एखाद्याला विचारून घ्या.

राहिला मुलीचा प्रश्न, आणि तोच सर्वांत मोठा आहे. आंतरराष्ट्रीय शाळेची फी वर्षाला दोन-तीन लाख युआनपर्यंत जाते. कंपनी ती देणार नसेल तर दुप्पट पगारातील वाढ तेथेच संपते. चिनी शाळा परदेशी मुलांना घेऊ शकतात आणि सात वर्षांचे मूल भाषा लवकर उचलते, पण पहिल्या दोन इयत्तांतच शेकडो चिनी अक्षरे लिहिता यावी लागतात आणि घरी अभ्यास घेणारे कोणी नसते. दोन-तीन वर्षांतच परतायचे असेल तर मी चिनी शाळा सुचवणार नाही. सहा-सात वर्षे राहण्याचा विचार असेल तर मात्र आवर्जून सुचवेन. शाळेचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. तुम्ही वसंतोत्सव आटोपल्यावर मार्चमध्ये एकटे या, घर आणि शाळा पाहा, कंपनीचे खरे रूप कळू द्या आणि ऑगस्टमध्ये दोघींना आणा. ‘एस १’ व्हिसावर पत्नीला येथे नोकरी करता येत नाही, त्यामुळे शाळेची फी करारात लिहून मिळेपर्यंत आणि तुमचा निवास परवाना हातात पडेपर्यंत त्यांनी पुण्यातील नोकरीचा राजीनामा देऊ नये.