रिमोटचं विमान शिकायचंय. पहिलं विमान स्वतः बांधूनच सुरुवात करावी का?

तुम्ही लिहिलंय की वय 41 आहे, आजवर काहीही उडवलेलं नाही, आणि ओळखीतले एक जुने जाणकार सांगतात, "आधी बाल्साचं विमान स्वतः बांध, मगच उडव. सिम्युलेटर म्हणजे पोरखेळ." (बाल्सा म्हणजे अगदी हलकं लाकूड, सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवर उडवण्याचा सराव.) हे खरं आहे का आणि एकूण खर्च किती, असा तुमचा प्रश्न आहे.

खरं नाही. हेच वाक्य मी माझ्या मामांच्या तोंडून ऐकलं होतं. ते मानलं आणि पाच महिन्यांचं काम 40 सेकंदांत मातीत गेलं.

मामा ऐंशीच्या दशकात कॉलेजला असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. तिथे ते कंट्रोल लाइन उडवायचे. हा प्रकार आता फारसा दिसत नाही, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. विमानाच्या डाव्या पंखातून दोन बारीक तारा निघतात आणि त्या उडवणाऱ्याच्या हातातल्या मुठीला जोडलेल्या असतात. विमान त्याच्याभोवती गोल फिरत राहतं, मूठ एका बाजूला कलवली की वर जातं, दुसऱ्या बाजूला कलवली की खाली येतं. मामांचा त्यात हात पक्का होता. 15-16 मीटरच्या तारांवर ते विमान उलटं करून जमिनीपासून छातीच्या उंचीवर फिरवायचे, असं त्यांचे त्या वेळचे सोबती अजून सांगतात. त्या कौशल्याबद्दल मला आजही पूर्ण आदर आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मिरजेत. पाच फूट पंखांचं 40 साइजचं (0.40 घन इंच इंजिनाचं) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, बांधायला घेतलं. बाल्साची एकेक रिब (पंखाला आकार देणारी आडवी पट्टी) ब्लेडनं कापली, सगळ्या एकत्र टाचून पॉलिश पेपरनं घासल्या. मामा दर रविवारी येऊन पंखाला पीळ पडलाय का ते डोळ्याला लावून बघायचे. कव्हरिंगची फिल्म घरच्याच इस्त्रीनं ताणली. साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन, मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळलेलं इंधन. तो जळक्या एरंडेलाचा वास मला अजून कुठेही आला तरी मी थांबतो. पुण्यातला एक मित्र म्हणाला होता की आठवडाभर ये, माझ्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर आहे, हात साफ कर. मामांनी जाऊ दिलं नाही. "पडद्यावर वारा लागत नाही," म्हणाले.

2013 चा मार्च. शाळू निघालेलं रान, पलीकडे उभा ऊस. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. विमान वाऱ्यावर तोंड करून पळालं आणि आपोआपच उचललं गेलं. पहिलं वळण डावीकडे, तेही नीट झालं. मग ते लांबून माझ्याकडे यायला लागलं. माझ्या उजव्या हाताचा पंख खाली झुकला. मी रिमोटची दांडी, म्हणजे स्टिक, डावीकडे नेली.

इथे पहिली चूक माझी, ती मी कधी नाकारली नाही. विमान समोरून येतं तेव्हा त्याचा डावा पंख तुमच्या उजव्या हाताला असतो. मी डावीकडे दिल्यावर तो आणखी झुकला. पंख जवळजवळ उभे झाले, नाक खाली गेलं, आणि मामा मागून ओरडले, "वर घे! अरे वर घे की, वर!" मी एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटावरची पट्टी, पूर्ण ओढला. विमान वर आलं नाही. ते आणखी आवळत, फिरत, उसात शिरलं. दोन तास ऊस तुडवला तेव्हा सापडलं. इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये काळी माती भरली होती आणि डाव्या पंखाच्या रिब मी मोजून घेतल्या, 11 पैकी 3 शाबूत.

त्यानंतर कित्येक वर्षं, दर दिवाळीला, दर लग्नात मामा एकच सांगायचे: "यानं वेळेवर वर घेतलं नाही, नाहीतर वाचलं असतं." नवीन कुणी भेटला की त्यालाही सांगायचे.

तर आता नीट लिहितो. मी वर घेतलं होतं, आणि वर घेतल्यामुळेच ते गेलं. कंट्रोल लाइनच्या विमानाला तारा धरून ठेवतात, त्यामुळे तिथे डावं-उजवं असं काही सांभाळावंच लागत नाही, ते कधी तुमच्याकडे तोंड करून येत नाही. चुकलं की वर, हाच तिथला धर्म. रिमोटच्या विमानात पंख कललेले असताना एलेव्हेटर ओढला तर तो विमानाला वर नेत नाही, वळण आवळतो. 60 अंश कललेलं विमान उंची राखून वळवायचं तर पंखांना वजनाच्या दुप्पट भार उचलावा लागतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत) सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो. त्याहून जास्त कललं तर प्रकरण फार झपाट्यानं बिघडतं. म्हणून क्रम असा: थ्रॉटल (इंजिनाचा जोर) कमी, आधी पंख सरळ, मग अलगद वर. मामांचा सल्ला चुकीच्या विमानासाठी बरोबर होता. तुमच्या जाणकारांना एवढंच विचारा की त्यांनी स्वतः काय उडवलंय. तारेवरचं, की हवेत मोकळं?

पंख सरळ करायचे ते कुठल्या बाजूनं, हा गोंधळ नुसता वाचून जात नाही. विमान समोरून येत असताना जो पंख खाली दिसतो, त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू खाली टेकू देतोय. हे मला सिम्युलेटरवर बोटांत बसायला साधारण 12 तास लागले. त्यात मी शंभरावर विमानं आपटली आणि एकाचीही रिब मोजावी लागली नाही. पडद्यावर वारा लागत नाही हे मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उतरवताना जमिनीजवळ जी धांदल होते ती खऱ्या मैदानावरच कळते. पण बोटांना दिशा कळण्यासाठी वारा लागतच नाही. फक्त मोबाईलच्या काचेवर शिकू नका. ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, आधी घ्या, तो केबलनं कॉम्प्युटरला जोडा आणि त्याच स्टिकवर सराव करा. विमान सारखं स्वतःकडे आणत राहा, लांब जाताना सगळ्यांनाच उडवता येतं.

विमान फोमचं घ्या किंवा फोम शीटचं बनवा. मीटर-सव्वा मीटर पंख, पंख वरच्या अंगाला आणि मधून किंचित व्ही आकारात उचललेला. आपटलं की हॉट ग्लू आणि पॅकिंग टेपनं अर्ध्या तासात पुन्हा हवेत. शिकणाऱ्याला हेच लागतं, पुन्हा लगेच उडवता येणं. पाच महिने बांधलेल्या विमानाला माणूस हात लावायला घाबरतो, आणि घाबरलेला हात स्टिक आवळतो. पहिल्या उड्डाणाला माझे अंगठे पांढरे पडले होते.

तोल मात्र कुठल्याही विमानाचा सोडायचा नाही. पंखाची रुंदी (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत) 18 सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून साडेचार ते साडेपाच सेंटिमीटरवर दोन बोटांनी उचलून बघा, विमान आडवं किंवा नाक जरासं खाली राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर त्या दिवशी उडवूच नका, बॅटरी पुढे सरकवा. आणि दर वेळी मागे उभं राहून स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर गेला पाहिजे. सर्व्होची (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरची) वायर किंवा सेटिंग उलटं राहून गेलेली विमानं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

गेल्या दिवाळीत मामा आले होते. दोन ट्रान्समीटर केबलनं जोडून एक त्यांच्या हातात दिला, मुख्य माझ्याकडे; त्यावरचा स्विच मी दाबून धरला तरच ताबा त्यांच्याकडे. सकाळी सात वाजता, वारा पडलेला, विमान 50 मीटर वर. त्यांनी छान सरळ नेलं. परत येताना पंख झुकला आणि त्यांनी एलेव्हेटर ओढला. विमान आवळायला लागलं. मी स्विच सोडून ताबा घेतला, पंख सरळ केले, मग उचललं. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत दे." त्या सकाळी तीन बॅटऱ्या संपवल्या.

खर्च. सहा चॅनेलचा साधा ट्रान्समीटर, ब्रशलेस मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चार छोटे सर्व्हो, 2200 एमएएचची तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, चार्जर आणि फोम, सगळं मिळून साधारण 10 ते 12 हजार. ट्रान्समीटर सोडला तर उरलेलं हळूहळू घेता येतं. लायपो प्रत्येक सेल साडेतीन व्होल्टला आली की विमान उतरवा, व्होल्टेज उतरलं की वाजणारा शंभरेक रुपयांचा बझर मिळतो तो लावा. चार्जिंगला लावून झोपू नका, फुगलेली बॅटरी परत वापरू नका.

नियमांचं राहिलं. ड्रोन नियम 2021 हौशी विमानांनाही लागू आहेत. ड्रोनसाठीच्या सरकारी हवाई नकाशावर आपली जागा हिरव्या भागात आहे का ते आधी पाहा. तिथे 400 फुटांपर्यंत (विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच) वेगळी परवानगी लागत नाही. पुण्यात राहत असाल तर लोहगाव विमानतळामुळे जागा शोधायला शहराबाहेर बरंच लांब जावं लागेल. माणसं, गुरं आणि विजेच्या तारा यांच्यावरून कधीच नाही, हे फोमच्या विमानालाही लागू.

बाल्सा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. मी स्वतः सध्या दुसरं बांधतोय, तेच 40 साइजचं, आणि मामा पुन्हा रविवारी पीळ बघायला येतात. पण ते माझं पहिलं नाही, सातवं विमान आहे. तुमच्या वयाचा यात काही संबंध नाही. मामा 62 चे आहेत.